टेकाड, बांध आणि अनसूयाबाईंचं स्वयंपाकघर

बोरटेकचं संरक्षित दफनटेकाड दरवर्षी पितृपक्षात सात पावलं गावाकडे सरकतं. भोवतीचा मातीचा बांध मागाहून, आपल्या सवडीने, दसऱ्यापर्यंत पोचतो. मी तिथला पहारेकरी. हालचालींची नोंद माझ्याकडे असते.

टेकाडाखाली तीन हजार वर्षांपूर्वीचा एक गृहस्थ पुरलेला आहे. टेकाडापासून शंभर मीटरच्या आत बांधकामाला बंदी. यंदा अनसूयाबाई गिरडकरांच्या स्वयंपाकघराची भिंत पावसात बसली, आणि पुरातत्त्व खात्याच्या हुमणेसाहेबांनी फीत लावली तेव्हा अंतर भरलं अठ्ठ्याण्णव.

"बाई, आता इथे एक वीटही लावता येणार नाही," साहेब म्हणाले.

"मंग त्याले मांगं सरकाले सांगा ना जी."

"त्याला नोटीस काढता येत नाही. तो संरक्षित आहे."

अनसूयाबाईंच्या चुलीवर आभाळ उघडं पडलं होतं. साहेबांनाही वाईट वाटलं असावं, कारण त्यांनी चहा घेतला आणि सरकण्याचं कारण विचारलं. मालक वारले त्या वर्षी बाईंनी पितरांचं पान अंगणात ठेवलं, तेव्हा समोर टेकाड दिसलं. याचंही करणारं कोणी नसेल, म्हणून त्याच्या नावाने दुसरं पान वाढलं. तेव्हापासून वीस वर्षं वाढतात.

"म्हणजे तो जेवायला येतोय," साहेबांनी लिहून घेतलं. "अंगणातलं पान बंद करा. तो परत गेला की भिंत बांधा."

"आवतन देऊन उपाशी ठेवाचं?" बाई म्हणाल्या. पण साहेबांचा शब्द मोडायचा नाही, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. सर्वपित्रीला त्यांनी अंगणात काही ठेवलं नाही. पान आत, चुलीजवळ वाढलं.

दुपारी टेकाड आलं, या खेपेला सात पावलांवर न थांबता. पडलेल्या भिंतीच्या जागेतून आत शिरलं आणि पाटासमोर टेकलं. घर तसं ऐसपैस, त्यामुळे फारशी अडचण झाली नाही. दसऱ्याला बांधही आला आणि घराला वळसा घालून बसला.

साहेबांनी पुन्हा फीत काढली. अंतर शून्य. बराच वेळ ते नियमांचं पुस्तक चाळत राहिले. शंभर मीटरच्या आतलं बांधकाम बेकायदा, पण खुद्द स्मारकात जे असेल त्याची डागडुजी खात्याने करायची. महिनाभरात खात्याचे गवंडी आले आणि भिंत उभी राहिली. पाटीवर मजकूर वाढला: दफनटेकाड, बांध व संलग्न स्वयंपाकघर.

साहेब निघाले तेव्हा बाईंनी त्यांना दारात थांबवलं. "आता वर्षातून एकडाव वाढाचं, का रोज?"

साहेबांनी पुस्तक पाहिलं. त्यात मनाई नव्हती. "रोज वाढा."

वीस वर्षं त्या घरात एकच ताट मांडलं जात होतं. बाई आत गेल्या, दोन ताटं घेतली आणि टेकाडाकडे वळल्या.

"आयकलं ना जी? रोजचं हाय आता. भाजीले नावं ठेवाची नाही."