पुस्तकाशी पूर्वसंबंध

वाचनालयाच्या पुस्तक निवड समितीची बैठक वेळेवर सुरू झाली, कारण चहा वेळेवर आला होता. चरित्रे, आत्मकथने आणि व्यवसाय मार्गदर्शके या तिन्हींच्या कपाटात मिळून यंदा एकाच पुस्तकाची जागा शिल्लक होती.

ग्रंथपाल बाईंना तिथे विजेच्या कामाचे मार्गदर्शक हवे होते. समोरच्या गल्लीतला वायरमन परवान्याच्या परीक्षेला दुसऱ्यांदा बसणार होता आणि जुन्या प्रतीतले नेमके अर्थिंगचे प्रकरण कोणीतरी फाडून नेले होते. "बाई, या खेपेलाही नापास झालो तर मालक ठेवायचा नाही," असे तो सकाळीच सांगून गेला होता.

"मी स्वतः वाचलंय हे पुस्तक," बाई म्हणाल्या. "सोपं आहे, आकृत्याही चांगल्या आहेत."

अध्यक्षांनी चष्मा काढला. "वाचलंय?"

"हो. पहिल्यापासून शेवटपर्यंत."

"अहो, मग तुम्हाला शिफारस कशी करता येईल? शिफारस करणाऱ्याचा पुस्तकाशी पूर्वसंबंध नसावा, असा नियम आहे. तुम्ही तर पार शेवटच्या पानापर्यंत गेलात!"

नियम खरा होता. एके काळी लेखक आपलीच पुस्तके समितीच्या गळ्यात मारत, म्हणून तो झाला. आधी लेखक गेले, मग लेखकांचे मेहुणे, मग प्रकाशक आणि शेवटी वाचक. समितीचा चिटणीस म्हणून मला विचाराल तर हे रास्तच आहे. पुस्तक वाचले की माणसाचे त्याच्याविषयी काहीतरी मत होऊन बसते, आणि असल्या माणसाच्या निःपक्षपातीपणाचा काय भरवसा?

बाईंना बाहेरच्या बाकावर बसवले. एका सदस्याने घाबरत कबुली दिली, "मलपृष्ठ तेवढं चाळलंय, साहेब." त्याला ताकीद देऊन ठेवून घेतले.

मग अध्यक्षांचे आत्मकथन पुढे आले.

"साहेब, पण यात तुमचा पूर्वसंबंध..."

"माझा कसला? जावयाच्या कचेरीतल्या कारकुनाने लिहिलंय. मी अजून उघडलेलंही नाही."

सदस्य गहिवरले. इतके अलिप्त आत्मकथन त्यांनी आजवर पाहिले नव्हते. ते एकमताने मंजूर झाले.

वायरमन नापास झाला आणि मालकाने त्याला काढले. मला फार वाईट वाटले, पण नियमापुढे वाईट वाटून काय होते! पुढच्या बैठकीत भिंतीतून चरचर आवाज आला, जळका वास सुटला आणि दिवे गेले. वायरमनला घरून बोलावून आणले. तो दारातच थांबला.

"परवाना नाही, साहेब. हात लावता येत नाही. नियम म्हणजे नियम."

"मग काढायचा की परवाना!" अध्यक्ष अंधारातून ओरडले. "अरे, जरा वाचत जा काहीतरी!"

ही हकीकत मी चार जाणकारांकडे अभिप्रायासाठी पाठवली. चौघांनीही न वाचता 'अप्रतिम' असे कळवले, त्यांना समितीवर घेतले आहे. तुमचेही नाव सुचवणार होतो, पण तुम्ही इथवर वाचत आलात. बाहेर बाकावर बाई आणि वायरमन जरा सरकून बसले आहेत. अंधार आहे, सांभाळून बसा.