डोळे मिटून ऐकलेल्या कॉन्सर्टचा पुरावा

मनुष्य मुळात विसराळू आहे, म्हणून आठवणींचा कारभार समितीकडे सोपवणेच इष्ट ठरते. डहाणू-तलासरी लाइव्ह रॉक रसिक मंडळाने हे सत्य फार लवकर ओळखले. सदस्यत्वाची अट एकच: आपल्या पहिल्या व आवडत्या रॉक कॉन्सर्टची आठवण, पुराव्यासह. दोन्ही तालुके मिळून अशी कॉन्सर्ट आजवर एकदाच झाली असल्याने पहिली कोणती आणि आवडती कोणती, यावर मंडळात कधीही मतभेद झाले नाहीत.

ती गेल्या जानेवारीत तलासरीच्या मैदानावर दुपारी तीन वाजता, म्हणजे पाचला, सुरू झाली. मधला वेळ सत्कारात गेला. वापीहून आलेल्या चारही वादकांना शाल-श्रीफळ देण्यात आले. शाल काढणे हा यजमानांचा अपमान ठरला असता, म्हणून ड्रमर ती पांघरूनच वाजवत राहिला. (नारळ ड्रमवर ठेवला होता. तिसऱ्या गाण्यात तो पहिल्या रांगेत आला.) श्रोते खुर्च्यांवर होते, महिला डावीकडे, पुरुष उजवीकडे. एका गाण्याच्या ऐन मध्यात पांढऱ्या गाडीच्या मालकाने गाडी बाजूला घ्यावी, अशी सूचना झाली. अनेकांना ती आजही गाण्याचेच कडवे वाटते आणि पाठ आहे.

मंडळाचे सदस्य त्रेसष्ट. फोन उंच धरून कार्यक्रम पाहिलेले, बासष्ट. उरलेले अध्यक्ष प्रल्हाद सर. त्यांचा फोन पत्नीने धरला होता. ते व्हिडिओ नंतर पुन्हा पाहिलेले सदस्य: माहिती संकलित होत आहे.

मी अर्ज केला तो स्वार्थापोटी. सदस्याला वार्षिक सभेत उभे राहून आपली आठवण सांगता येते. मी सहा वर्षे सरकारी कचेरीत आवक-जावक टेबलावर बसतो. कोणत्याही सभेत अजून एक वाक्य बोललेलो नाही. पण त्या दिवशी, शेवटच्या संथ गाण्यात, गिटारचा एक सूर थांबता थांबत नव्हता, मैदानामागच्या ताडांवरून ऊन हळूहळू उतरत होते, आणि माझे डोळे आपोआप मिटले. एवढेच मला एकदा कुणाला तरी सांगायचे होते.

पडताळणीसाठी सचिव लतिका मॅडमनी मनिष या ज्येष्ठ सदस्याचा व्हिडिओ मागवला. त्यात उंचावलेल्या हातांचे रान होते आणि मध्ये मी, डोळे मिटलेला.

"झोपलाय हा," प्रल्हाद सर म्हणाले.

"सर, मी ऐकत होतो."

"अरे, ऐकणारा माणूस शूटिंग करतो ना!"

साक्षीला मी उधवा गावच्या हिराबाईंना आणले. त्या दिवशी त्या मैदानात उकडलेल्या शेंगा विकत होत्या.

"झोपला नाय तो, रडत होता," त्या म्हणाल्या. "मी इचारलं, पोटात दुखते का? तर नुसती मान हलवली."

"तुमच्या हातात फोन होता का?" लतिका मॅडमनी विचारले.

"हातात टोपली होती."

"मग तुम्ही तरी तिथे होतात, याला पुरावा काय?"

"बाई, तुमीच दोनदा शेंगा घेतल्या."

मॅडमनी इतिवृत्तात नोंदवले: साक्ष विषयाला सोडून.

मंडळ निर्दय मात्र नाही. नियम अकरानुसार पुरावा नसलेल्यास अन्य सदस्याची आठवण दत्तक घेता येते. मनिषचा व्हिडिओ मला व्हॉट्सअ‍ॅपवर रीतसर प्राप्त झाला. सभेत मी आयुष्यात प्रथमच उभा राहिलो आणि सलग पावणेतीन मिनिटे बोललो: पुढच्या माणसाचे टक्कल, त्यावरचा निळा प्रकाश, फोन हलला ती जागा, पांढरी गाडी. टाळ्या झाल्या.

हिराबाई दारात उभ्या होत्या. "पोरा, रडत कशापायी होतास, ते सांगितलंच नाय."

मी आठवू लागलो. टक्कल आठवले.

तो सूर त्यानंतर आलेला नाही.

आपल्याला माझी कीव आली असल्यास आभारी आहे. मात्र इथवर वाचताना आपल्यालाही आपली पहिली कॉन्सर्ट आठवली असणारच. ती जरा नीट पाहावी. पुढे कुणाचे तरी डोके आहे ना? आणि वर, उजव्या कोपऱ्यात, बॅटरीचे टक्के?

अभिनंदन. आपला अर्ज मंजूर झाला आहे.