चिमूटभर एर्बियम

आमचे इंगळे सर स्टाफरूममध्ये शिरले की आधी बसलेल्यांवर नजर फिरवतात आणि मग कुणाला तरी उठवतात. "काऊन एवढी गर्दी करून राह्यले? उजेड मरते ना!" फराळ असो की निरोप समारंभ, हा माणूस दारात आडवा. मी अर्थशास्त्राचा मास्तर. मला तर हातात चहाचा कप असताना हाकललंय. राग येणार नाही तर काय?

या वेडामागे एक पांढरी पूड आहे. बुलढाण्याच्या आमच्या कॉलेजात, मागच्या अंधाऱ्या खोलीत सर ती बनवत. तिच्यावर डोळ्यांना न दिसणारा लेझर मारला की ती हिरवीगार उजळायची. तिच्यात यिटर्बियम आणि एर्बियम ही दोन मूलद्रव्यं. यिटर्बियम तो अदृश्य उजेड गोळा करून एर्बियमला देतं, आणि एर्बियम दोन-दोन घास एकत्र करून हिरवा प्रकाश बाहेर टाकतं. पण एर्बियम हवं चिमूटभरच. सर सांगत, "जास्त झालं की कण एकमेकाइलेच देत बसतात. बाहेर काईच येत नाही."

हे प्राचार्यांना कोण सांगणार? तपासणी समिती यायची होती. पूड चमकली तर सरांची खोली राहणार, नाहीतर तिथे खेळाचं सामान. प्राचार्यांचा हात पंगतीत वाढणारा, पाहुण्याचं ताट ओसंडल्याशिवाय थांबत नाही. "पाहुणे येऊन राह्यले अन् तुम्ही चिमटीनं वाढता? हात सैल सोडा जरा!" सर ऐकेनात, तेव्हा या गृहस्थांनी प्रयोगशाळेतल्या सहायकाकडून वेगळी पूड करून घेतली, एर्बियम अगदी आग्रहानं वाढून! समितीपुढे तीच ठेवली. कसाबसा लालसर, मरतुकडा उजेड पडला. दुसऱ्या दिवशी खोलीत कबड्डीच्या मॅट येऊन पडल्या, आणि ठपका मात्र सरांवर!

सर आपलं सामान उचलून घरी निघून गेले. याचाच मला जास्त संताप आला. तडक देऊळघाटला त्यांच्या घरी गेलो.

"उद्या सगळा स्टाफ घेऊन प्राचार्यांकडे जाऊ," मी ओरडलो.

"गर्दी नका करू."

"मग बसा अंधारात!"

सरांनी खिडकी लावली. कपाटातून एक कुपी काढून तिच्यावर लेझर मारला. काहीच उजळलं नाही.

"याच्यात एर्बियम टाकलंच नाही," ते म्हणाले. "गर्दीनं उजेड मरते हे मी सगळ्याइले सांगतो. पण एकबी कण नसला तरी अंधारच असते, हे कोणालेच नाही सांगितलं." त्यांनी भिंतीवरच्या बायकोच्या फोटोकडे पाहिलं. "ही गेली तवापासून रोज संध्याकाळी त्या खोलीत जाऊन बसत होतो. आता कुठी जाऊ?"

माझा राग कुठल्या कुठे गेला. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. घरात खुर्ची एकच होती. ती मला देऊन सर शेजारून दुसरी मागून घेऊन आले. आम्ही चहा घेतला.

निघताना ते फाटकापर्यंत आले. "उद्याबी या," म्हणाले. मी होकार देऊन गाडीला किक मारली, तोच मागून नेहमीचा खेकसणारा आवाज आला.

"पण एकटेच या हो!"