अण्णांची पपई

अण्णा चौगुल्यांनी ज्या घरातलं दूध नासवलेलं नाही, असं एकही घर आमच्या इमारतीत नाही. ते बेल वाजवतात, सोफ्यावर बसतात आणि पाणी नको म्हणून वाटीभर कोमट दूध मागतात. मग खिशातून एक कॅप्सूल निघते. ती उघडून आतली पिवळसर पूड ते दुधात टाकतात, ढवळतात आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत बसतात. जरा वेळाने दुधाच्या गाठी होतात.

"बघितलासा वैनी? ही पपई! दुधाचं असं करती, तर तुमच्या डाळीचं काय करंल?"

आपण काय बोलणार? दूध आपलं असतं, आणि पाहुणा वयाने मोठा असतो.

मी पुण्याची. कंपनीने बदली केली म्हणून बेंगळुरूला आले. माझा स्वभाव मुळातच फार गोड नाही, आणि जो काही गोडवा होता तो सर्जापूर रोडच्या ट्रॅफिकमध्ये संपला. त्यामुळे अण्णांचं कौतुक मला कधीच नव्हतं. पण इमारतीतल्या मराठी मंडळींत सगळ्यात जुने तेच. निपाणीकडून कधीकाळी नोकरीसाठी आलेले. बोम्मसंद्राच्या एका कारखान्यात कच्च्या पपईच्या चिकापासून पाचक पूड तयार व्हायची. ती किती जोरकस आहे ते दूध किती लवकर फुटतं यावरून ठरायचं, आणि ते बघणं ही अण्णांची नोकरी. निवृत्त झाल्यावर कारखाना सुटला, दूध काही सुटलं नाही.

लिफ्टमध्ये लोक एकमेकांना गुड मॉर्निंग म्हणतात. अण्णा विचारतात, "पचलं काय?" शॉर्ट्स घालून पळायला निघालेल्या मुलीला विचारतात, वॉचमनला विचारतात. खालच्या मजल्यावरच्या एका गृहस्थांची आई वारली, तेव्हा अण्णा भेटायला गेले. बराच वेळ खाली मान घालून बसले. सगळ्यांना वाटलं, म्हातारा गहिवरला. तेवढ्यात म्हणाले, "शेवटी शेवटी पचत होतं काय त्यांना?"

पपईवर बोलायला लागले की त्यांना आवरणं कठीण. पोट फुगतं? पपई. मुका मार लागून सूज आली? पपई, पण उपाशीपोटी. पनीर खाऊन जड वाटतंय? पपई, आणि ती जेवताना. देण्याआधी एक प्रश्न मात्र ते न चुकता विचारत, "रक्त पातळ करायची गोळी चालू हाय काय?" हो म्हटलं की कॅप्सूल परत खिशात. मीही एकदोनदा घेऊन पाहिली. बरं वाटलं, पण त्या दिवशी मी जेवलेही कमीच होते.

या सगळ्या प्रचाराला पुरावा एकच होता, तो म्हणजे अक्का. अण्णांची बायको. सुती साडी, ठसठशीत कुंकू, आणि अण्णा जिथे बसतील तिथे त्यांच्या शेजारी. अक्कांचं स्वादुपिंड कामातून गेलं होतं. खाल्लेलं अंगीच लागेना, नुसता सापळा उरला. डॉक्टरांनी पचनाच्या कॅप्सूल लिहून दिल्या. अक्कांनी विचारलं, कशापासनं करतात? डॉक्टर बिचारा खरं बोलणारा निघाला. म्हणाला, डुकराच्या स्वादुपिंडापासून. अक्का जैन घरातल्या. कांदाबटाटा घरात येत नाही, सूर्य मावळायच्या आत जेवण. त्यांनी हात जोडले आणि त्या म्हणाल्या, "मग मरू दे मला."

"तवा ह्यांनी पपई आणली," अक्का प्रत्येकाला सांगत. "आता मी जित्ती हाय ती ह्यांच्या पपईनं." आणि खरंच, त्यांच्या गालांवर मांस चढलं होतं. मी मान हलवायचे. मनात म्हणायचे, असेल योगायोग.

यंदाच्या पाडव्याला क्लबहाउसमध्ये आम्हा मराठी मंडळींचं जेवण होतं. श्रीखंड माझ्याकडे. रात्रभर दही टांगून, चक्का पुरणयंत्रातून काढून, केशर-वेलची घालून मी मोठं पातेलं सकाळीच खाली नेऊन ठेवलं. सगळ्यांना कडुनिंबाची चटणी वाटून झाली, पुऱ्या आल्या, श्रीखंड वाढलं. ते वाटीत उभं राहीना, ताकासारखं पसरलं. पहिला घास घेतला आणि सगळी पंगत एकदम थांबली. श्रीखंड कडू! नुसतं कडू नव्हे, जिभेवरून उतरेना असं.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. लाजेने माझे कान तापले. तेवढ्यात अक्का कौतुकाने म्हणाल्या, "ह्यांनी सकाळी पपई घातली त्यात. सणाचं जास्त जेवण होतंय, कुणाला बाधू नये म्हणून."

दुधाच्या पदार्थात ती पूड मुरली की तो कडू होतो, हे अण्णांना ठाऊक नव्हतं. कारखान्यात फुटलेलं दूध मोरीत जायचं, ते चाखायची वेळ कुणावर आलीच नव्हती.

सेक्रेटरी देशमुख नागपूरचे. ते तडक उठले. "काकाजी, लोकांच्या जेवणात न विचारता औषध टाकता तुम्ही? आणि औषध तरी कसलं? निव्वळ थोतांड! आज सांगून टाका सगळ्यांसमोर, काही होतं का हो तुमच्या पपईने?"

"सांगाच अण्णा," मीही म्हणाले. माझं पातेलं अख्खं वाया गेलं होतं.

अण्णांनी अक्कांकडे पाहिलं. मग ताठ उभे राहून म्हणाले, "होतंय. हिच्याकडं बघा."

लोक हसले. त्या दिवसापासून अण्णांना कुणी घरात घेईना. लिफ्टमध्ये ते दिसले की मंडळी जिना धरू लागली. मीसुद्धा.

पुढे एकदा मावसबहिणीच्या लग्नपत्रिका छापून घ्यायला मी जुन्या शहरातल्या चामराजपेटला गेले. त्या गर्दीत एका लहानशा औषधाच्या दुकानासमोर अण्णा उभे दिसले. सर्जापूर रोडवर पावलापावलाला औषधांची दुकानं, आणि हा माणूस दोन बस बदलून इथे काय करतोय? मी मागे जाऊन उभी राहिले. दुकानदाराने बाटली काउंटरवर ठेवली आणि तिच्यावरची अक्षरं मी वाचली. ते डुकराचंच औषध होतं.

अण्णांनी वळून मला पाहिलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला. "वैनी, स्वल्प कॉफी घेऊया," एवढंच म्हणाले.

शेजारच्या हॉटेलात उभ्याउभ्या त्यांनी सांगितलं. "आपल्याकडच्या दुकानात सगळी वळखीची. हिच्या कानावर जाईल. म्हणून हितं येतो. पपईच्या कॅप्सूलातली पूड काढून टाकतो, ह्यातले दाणे भरतो. बाटली पपईचीच."

"म्हणजे पपईने काहीच नाही झालं?"

"पपई वाईट न्हाई वो. पोट जड झालं तर जरा हलकं वाटतंय. पण हिचं दुखणं पपईच्या आवाक्यातलं न्हवं. आधी मी तीच दिलो की. वाळतच गेली."

"मग घरोघर दूध कशाला नासवत होता?"

"ती शेजारी बसून बघती की! मी पपई पपई केलो न्हाई तर संशय येईल तिला. लई हुशार हाय. श्रीखंडात घालाय तीच सांगितली. नको कसं म्हणू?"

मला त्यांचा रागच आला. एका बाईने जन्मभर पाळलेला नेम, तो तिच्या नकळत रोज मोडायचा अधिकार ह्यांना कुणी दिला? मग अक्कांचे भरलेले गाल डोळ्यांसमोर आले, आणि तो राग मला धड करताही येईना. हसणाऱ्या त्या पंगतीत मीही होते, हेही आठवलं.

"आणि अक्कांना कळलं तर?" मी विचारलं.

"कळलं तर जेवणच सोडंल ती. मग संपलंच." त्यांनी बाटली पिशवीत तळाशी घातली, वर केळी ठेवली. "तिला ठाव न्हाई म्हणजे तिला पाप न्हाई. लागायचं ते मला लागू दे."

मी कुणाला सांगणार नाही, असं म्हणाले. त्यांनी मान डोलावली, पण तेवढ्याने त्यांना बरं वाटल्यासारखं काही दिसलं नाही. बस येईपर्यंत आम्ही रस्त्याच्या कडेला उभे होतो. मग ते आपणहून बोलले.

"लग्न झाल्यापासनं हिच्यापासनं काय लपवलो न्हाई, वैनी. साहेबानं शिव्या घातल्या तरी घरी येऊन हिला सांगायचो. सांगितलं की मोकळं वाटायचं. आता हे एवढं मोठं एकट्यानं धरून बसलोय. जीव घाबरतो. कुणापाशी तरी बोलावं म्हणतो..."

बस आली. पिशवी छातीशी धरून ते पायरीवर चढले, आणि वळून म्हणाले, "पण बोलाय माणूस म्हटलं, तर मला तीच एक हाय."