काढलेल्या शिशाची सोय

पाणी शुद्ध करणं हे पुण्यकर्म आहे, आणि पुण्यकर्माचा अहवाल दरमहा वर पाठवावा लागतो. जलशुद्धी संस्थेत ही दोन्ही कामं सारख्याच निष्ठेने होत. (अहवाल जरा जास्त.)

संस्थेतल्या रसायनतज्ज्ञ बाईंना सगळे तेलवाल्या बाई म्हणत. नदीच्या पाण्यातलं शिसं काढायला पूर्वी रॉकेलचा पडदा वापरत. बाईंनी तिथे सूर्यफुलाचं तेल आणलं. एका बाजूला नदीचं पाणी, दुसऱ्या बाजूला आम्ल, मधे तेलाचा थर. शिसं तेलातून मुकाट पलीकडे आम्लात जातं, अलीकडे स्वच्छ पाणी उरतं. रॉकेलचा वास गेला, पर्यावरणाचं भलं झालं आणि साहेबांना पुरस्कार मिळाला.

पलीकडचं शिसं मात्र रोज बेसिनमध्ये ओतलं जाई, आणि बेसिनचं पाणी संस्थेच्या वरच्या अंगाला थेट नदीला मिळे.

"साहेब, अहो हे चाललंय काय?" बाईंनी एकदा विचारलंच.

"बाई, आपलं काम शिसं काढायचं. आपण काढतो. काढलेल्या शिशाचा विभाग वेगळा." (तो अजून स्थापन व्हायचाय.)

व्यवस्था खरोखर वाखाणण्याजोगी होती. शिसं सोडणारा कारखाना केव्हाच बंद पडला होता. पण त्याने हयातभरात सोडलं त्याच्या नऊपट शिसं संस्थेने वर्षात काढून दाखवलं.

नदीच्या खालच्या अंगाला बाईंची धाकटी बहीण राहते. तिला दिवस गेले होते. "तूच साफ करतेस म्हटल्यावर मी बिनघोर पिते हं ताई!" ती फोनवर म्हणाली.

त्या दिवसापासून बाई ते शिशाचं आम्ल कॅनमध्ये भरून ठेवू लागल्या. आधी टेबलाखाली, मग कपाटात, मग पाहुण्यांच्या सोफ्यावर. आणि व्हायचं तेच झालं: नदी स्वच्छ होऊ लागली. संस्थेत हाहाकार उडाला. बाईंना पत्र आलं, "शिसं सापडण्याचं प्रमाण चिंताजनकरीत्या घटलं आहे. खुलासा करावा." खुलासा कोणाला पटला नाही. प्रकल्प गुंडाळला गेला.

राहता राहिले कॅन. संस्थेच्या समितीतल्या प्रत्येकाने मोठ्या मनाने सांगितलं, "ठेवा की कुठेही! फक्त आमच्या घराजवळ नको, लेकरंबाळं आहेत." साहेबांनी सोमवारपर्यंतची मुदत दिली, नाहीतर बेसिन.

तेव्हा बाई सध्या जागा शोधताहेत. तुमच्या घरामागची खोली रिकामीच असते म्हणे. कॅन घट्ट बंद आहेत, वास येत नाही, भाडंही देऊ. जरा लवकर कळवा. बहिणीला आठवा लागलाय.

काय म्हणालात? लेकरंबाळं आहेत?

बरोबर आहे तुमचं. बेसिन आहेच.