पैलवानाचा गुन्हा काय?

मुक्ताबाईंनी पैलवानाला मारायला साफ नकार दिला, तेव्हा आकाशनं कपाळालाच हात लावला. पैलवान टीव्हीच्या पडद्यावर होता. बिचारा हात बांधून शहाण्या मुलासारखा उभा होता, आणि गेमचा रिमोट मुक्ताबाईंच्या हातात होता.

"मार ना आई. ते चौकोनी बटण दाब."

"कामून मारू? काय केलं त्यानं?"

"काही नाही केलं. त्याला मार खायलाच उभा केलाय."

"अरे देवा! आन् तू रोज डबा घिऊन ह्याच कामाला जातो व्हय?"

आकाश याच कामाला जायचा. उस्मानपुऱ्यातली त्याची छोटी कंपनी मारामारीचे गेम बनवायची. गेम झकास होता, पण नवा माणूस सुरुवातीच्या शिकवणीतच गार व्हायचा. 'मागे, खाली, पुढे, मग ठोसा' अशा सूचना इतक्या भराभर यायच्या की चष्मा पुसेपर्यंत माणसाचं दोनदा थोबाड फुटलेलं असायचं. मालक तात्यासाहेबांची बिडकीनची जमीन कारखान्यांसाठी गेली आणि आलेल्या पैशात पुतण्याच्या नादानं त्यांनी हा धंदा काढला. स्वतः त्यांनी आयुष्यात पत्त्यांपलीकडे काही खेळलेलं नव्हतं. तरी त्यांनी फर्मान सोडलंच. "शुक्रवारी असं माणूस आणा, ज्यानं गेम कधी बघितला पण नाय. त्याला शिकवणी पुरी करता आली तर ठीक. नायतर आकाश, तू दुसरीकडं बघ."

असं माणूस आकाशच्या मुकुंदवाडीतल्या घरातच होतं. गावाकडची विहीर आटली म्हणून मुक्ताबाई शेळ्या बहिणीच्या हवाली करून लेकाकडे आल्या होत्या. इथे येऊन त्यांना कळलं, की शहरात इमारती भराभर उगवतात, नळ मात्र उगवत नाहीत. टँकरपुढे हंडा घेऊन उभं राहणं काही सुटलं नाही.

"बेकसूर माणसावर मी हात उचलत नसते," त्यांनी रिमोट खाली ठेवला.

"मग त्याला कसूर करायला लावा की," आकाशची बायको अमृता कांदा चिरता चिरता म्हणाली.

आकाशला ते पटलं. दुसऱ्या दिवशी पैलवानानं पडद्यावर भरलेला हंडा लाथेनं कलंडवला. मुक्ताबाई ताडकन उठल्या. "मेल्या! पाण्याला लाथ मारतो?"

"शाबास आई! आता मार त्याला!"

"त्याला बघते मागून. आधी हंडा उचलू दे, पाणी चाललं समदं!"

झालं. हंडा उचलायची सोय करणं आलं. वेळ नव्हता, म्हणून पैलवानाला उचलून आपटायची जी हालचाल गेममध्ये होती, तीच आकाशनं हंड्याला जोडून दिली. मुक्ताबाईंनी हंडा उचलला आणि विचारलं, "रिकामा हंडा काय डोक्यावर मिरवू?" म्हणून टँकर आला. टँकर आला म्हणून रांग आली. रांग आली म्हणून धक्काबुक्की आली. त्यात मुक्ताबाईंनी मागे सरून हंडा वाचवला आणि पुढच्याला एक सणसणीत कोपर दिलं.

"मारलंस ना आई! हेच तर पाहिजे होतं!"

"मारलं कुठं? जरासं सरकवलं."

पैलवान नुसता उभा आहे हेही त्यांना बघवेना. त्यांच्या हुकमानं तो आता हंडे वाहू लागला. गुरुवारी अमृतानं पडद्याकडे पाहिलं आणि विचारलं, "अहो, ह्याच्यात मारामारी कुठंय?" आकाश त्या दिवशी जेवला नाही.

शुक्रवारी ऑफिसात मुक्ताबाईंचा खेळ बघून तात्यासाहेबांनीही तेच विचारलं, फक्त आवाज मोठा होता. "हे पाणी काय भरायलेत? माझा गेम कुठं गेला? द्या इकडं, मी बघतो!" त्यांनी दुसरा रिमोट ओढून घेतला. बटणं त्यांना कळत नव्हती, पण पुढे जायचं त्यांना उपजतच येत होतं. पडद्यावरचा त्यांचा गडी रांग सोडून थेट टँकरकडे निघाला आणि जाता जाता त्यानं मुक्ताबाईंचा हंडा पायानं बाजूला सारला.

टँकरच्या रांगेत हंडा म्हणजेच माणूस. माणूस सावलीला बसेल, घरी पोळ्या लाटून येईल, पण रांगेतल्या त्याच्या हंड्याला कुणी हात लावत नाही. सगळं ऑफिस खुर्च्यांवरून उठलं, कारण तिथला प्रत्येक जण टँकरचंच पाणी पीत होता.

"सायब, हंडा माझा हाय."

"अहो मावशी, मला घाई आहे!" तात्यासाहेब सवयीनं बोलून गेले.

मग मुक्ताबाईंनी एक कोपर दिलं. मालकाच्या गड्याचा ठोसा मागे सरून चुकवला, दुसरं कोपर दिलं, आणि हंडा उचलायचं बटण दाबून गडीच उचलला आणि आपटला. पुन्हा उचलला, पुन्हा आपटला. पडद्यावर अक्षरं झळकली, 'शिकवणी पूर्ण! शाबास!'

कुणीतरी टाळी वाजवली आणि लगेच हात खिशात घातला. मुक्ताबाई भानावर आल्या. "अगं माय! मालकाला बडवलं म्या! आकाशा, गेली का रं तुझी नोकरी?" आईचा चेहरा बघून नोकरीपेक्षा तिचीच दया आकाशला जास्त आली.

तात्यासाहेब लालबुंद होऊन आपल्या आडव्या पडलेल्या गड्याकडे बघत राहिले. मग ते मुक्ताबाईंना म्हणाले, "मावशी, नंबर तुमचाच होता." मग आकाशकडे वळून म्हणाले, "आकाश, शिकवणी अशीच राहू दे. आन् पुन्हा लाव. रांगेत शेवटाला उभं कसं राहायचं, ते सांग मला."

त्यांचा गडी रांगेच्या टोकाला उभा राहिला. रांग इंचाइंचानं सरकली. ऑफिसातल्या लोकांचे डबे उघडले, खाऊन झाले, धुऊनही झाले. अखेर तात्यासाहेबांचा नंबर आला आणि टँकर संपला.

"आता?" ते लहान मुलासारखे म्हणाले.

"आणा हंडा, माझ्यातलं अर्धं घ्या," म्हणत मुक्ताबाईंनी एकेक करून सगळी बटणं दाबली. काहीच होईना. मारामारीच्या गेममध्ये कुणी कुणाला काही द्यायची सोय नव्हती.

तात्यासाहेबांनी रिमोट मांडीवर ठेवला. "आकाश, बस आणि ती सोय कर," ते म्हणाले. "मी थांबतो."