प्रणिताची पिल्लं चालतात

नंदाचं बदकाचं पिल्लू सकाळी उठलं आणि बसलं. पुन्हा उठलं, दोन पावलं फेंगडत गेलं आणि बदकन बसलं.

"झोप येत असेल त्याला," तिचा नवरा निमिष लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हणाला.

"झोप काय पायांना येते?"

खरं तर पाय दुखत होता पिल्लाचा, पण पोटात दुखत होतं नंदाच्या. कुंपणापलीकडे प्रणिताची तीन पिल्लं गवतावरून तुरुतुरु रांगेत चालली होती. सहाही पिल्लं एकाच दुकानातली, एकाच दिवशी आणलेली. सहापेक्षा कमी आम्ही देत नाही म्हणाला दुकानदार, म्हणून दोघींनी मिळून घेतली. त्यातही पहिली निवड नंदाची होती. चांगली गुबगुबीत तीन तिने उचलली आणि प्रणिताच्या वाट्याला उरलेली चिपाडं आली. आता त्या चिपाडांचा थाट बघावा.

बरं, हे बदकांपुरतं असतं तरी चाललं असतं. इथे अमेरिकेत, बॉथेलच्या थंडीत नंदाचा कढीपत्ता दर वर्षी मरतो. प्रणिताचा खिडकीत ऐसपैस बसून वर्षभर पानं देतो. आणि बाई कधी बढाई मारेल तर शपथ. मारली असती तर निदान नावं तरी ठेवता आली असती.

पहिल्याच दिवशी प्रणिताने तिला सगळं नीट समजावून सांगितलं होतं. "बदकांच्या पिल्लांचं तयार खाद्य मिळतं ना, ते आण. त्यावर हे यीस्ट भुरभुरायचं. त्यात नायसिन व्हिटॅमिन असतं. ते कमी पडलं की पाय जातात गं यांचे. खाताना शेजारी पाणी हवंच, नाहीतर घास अडकतो. आणि खाली टॉवेल घाल, कागदावर पाय घसरतात."

नंदाने मान डोलावली आणि एक अक्षर खरं मानलं नाही. ती स्वतः कुणालाही रेसिपी देताना एक जिन्नस हटकून गाळत असे. गेल्या दिवाळीत तिच्या चकलीचं प्रमाण घेऊन गेलेली वीणा अजून मोहन किती घालायचं ते शोधते आहे. तेव्हा सगळं खरं सांगणारी बाई जगात असते, हे नंदाला पटणं शक्यच नव्हतं. यीस्ट म्हणे. पिल्लं वाढवायचीत की पाव भाजायचाय?

तिने आपला मऊ भात केला. वर तूप, चिमूटभर मेतकूट. अख्ख्या महाराष्ट्राची बाळं ज्यावर उभी राहिली त्यावर बदकं उभी राहणार नाहीत होय? टबात वर्तमानपत्र घातलं आणि एकेकाला मांडीवर घेऊन, बोटाने कालवून भरवलं. पिल्लं मजेत खायची, तिच्या ओढणीत शिरून झोपायची. आणि पंधरा दिवसांत त्यातलं एक लंगडायला लागलं, दुसरी दोन डुगडुगायला लागली.

शनिवारी प्रणिता पोर्टलंडला निघाली. "दोन दिवस माझ्या पिल्लांकडे बघशील का? गॅरेजचा कोड तुला माहीतच आहे. खाणं काढून ठेवलंय."

नंदाने कोड दाबला, आत गेली आणि पाच मिनिटांनी बाहेर आली. ओढणीखाली काहीतरी चिवचिवत होतं.

"हे कोणाचं?" निमिषने विचारलं.

"तिचं. आपलं लंगडं तिथे ठेवलंय."

"का पण?"

"तिचंही एक लंगडू दे की. मग बघते काय भुरभुरते ते."

सोमवारी नंदा कुंपणाशी चार वेळा जाऊन आली. प्रणिता हात हलवून "हाय" म्हणाली, बाकी काही नाही. मंगळवार, बुधवार तसेच गेले. पुढच्या शनिवारी कुंपणापलीकडे तीन पिल्लं पाण्याच्या परातीकडे पळत सुटली. तिन्ही धडधाकट. त्यातलं आपलं कोणतं, हेसुद्धा नंदाला ओळखता येईना. आणि इकडे टबात, प्रणिताच्या घरून आलेलं पिल्लू दोन पावलं टाकून बसलं.

निमिष सॉफ्टवेअर तपासायचा, त्याला हे फार आवडलं. "म्हणजे पिल्लू चेंज केलं तरी रिझल्ट तोच. बग आपल्याच घरात आहे, यार."

नंदा त्याच्याशी दिवसभर बोलली नाही. संध्याकाळी ती भाताची वाटी घेऊन बसली, तसं ते पिल्लू पंख टेकत, एक पाय मागे ओढत तिच्याकडे यायला लागलं. ज्या भाताने पाय घेतला त्याच भातासाठी. नंदाने वाटी बाजूला सारली, पिल्लू उचललं आणि चपला न घालताच प्रणिताचं दार गाठलं.

"हे तुझं आहे," ती म्हणाली. "मी चोरलं होतं."

"माहितीये," दाराशी बसलेली प्रणिता म्हणाली. तिच्या मांडीवर एक पिल्लू डोळे मिटून पडलं होतं. "हे तुझं. पोर्टलंडहून आले त्याच दिवशी कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

प्रणिताने मांडीवरचं पिल्लू जरा जवळ ओढलं. "तू परत मागशील म्हणून. माझी दोन मला बघून पळतात गं. हे आलं तेच मांडीवर चढलं. कुंपणावरून रोज बघत होते मी, तुझी कशी तुझ्या ओढणीत झोपतात ते. खरं सांगू? जळत होते मी तुझ्यावर."

नंदाला आधी ऐकू आलं ते खरंच वाटेना. मग असं गार गार वाटलं की ती अंगणातच पायरीवर टेकली. प्रणिता. तिच्यावर. जळत होती.

"काय करतेस गं तू?" प्रणिताने विचारलं. "मलाही सांग ना. हाताने काय भरवतेस? भात ना? मी उद्यापासून तेच सुरू करते."

आयुष्यात पहिल्यांदा प्रणिता तिच्याकडे काही मागत होती. नंदाने तो क्षण चांगला घोळवला. नुसतं हो म्हणायचं होतं, महिन्याभरात कुंपणापलीकडे एकही पिल्लू धड चाललं नसतं. तिने आपल्या मांडीवरच्या पिल्लाच्या त्या वाकड्या पायाकडे पाहिलं.

"भात अजिबात घालू नकोस," ती म्हणाली. "पाय जातात."

"कोणी सांगितलं?"

"तूच," नंदा म्हणाली. "आता ते यीस्ट दे इकडे."